चढावरच्या ओळी

२००३ च्या उन्हाळ्यात कुंभार पिंपळगावच्या आमच्या मोसंबीला आम्ही ट्रॅक्टरने पाणी घालत होतो. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दम्यामुळे डिझेलचा धूर सोसत नसे, म्हणून त्यांनी बॅटरीवर चालणारा लहानसा ट्रॅक्टर बनवून घेतला होता. वीज चारच तास यायची, तेवढंच चार्जिंग. भरली टाकी ओढताना चढावर बॅटरी उतरायची, आणि तिथल्याच पाच ओळी वाळत चालल्या होत्या.

मालकांनी शहागडहून आणखी एक बॅटरी आणली, तर तिच्याच वजनाने चाकं रुतली.

“ओझं कमी करावं लागंल. गिरिजा, तू उतर आधी.”

“तुमच्या बॅटरीपेक्षा हलकीच हाय मी!” म्हणत मी उतरले.

तरी भागेना. मग टाकी निम्मी भरली, शेवटी पाव. तेव्हा कुठे ट्रॅक्टर न थांबता चढ चढला.

टाकीतलं पाणी चार झाडांनाच पुरलं. मालक पाचव्यापाशी रिकामी बादली घेऊन उभे राहिले. ट्रॅक्टरची मोटार मात्र गुणगुणत होती.

“बघ, अजून चालून राह्यलाय,” ते म्हणाले.

“बंद करा आता,” मी म्हणाले. त्यांचा हात बटणाकडे जाईना.