शनिवारची शंका

शोरूममध्ये सगळे त्याला मास्तर म्हणत. गाड्या विकणं त्याचं काम नव्हतं. विकलेली गाडी मालकाच्या हवाली करताना ती नीट समजावून सांगायची, एवढंच. सीट कशी वर-खाली करायची, काचेवरचं धुकं कसं घालवायचं, कुठला दिवा लाल लागला तर जागीच थांबायचं. बावीस वर्षं दिवसभर घसा कोरडा करायचा आणि घरी गेल्यावर तोंडातून अवाक्षर नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी तिच्या संसारात रमली होती.

बाईंनी गाडी घेतली ती अडुसष्टाव्या वर्षी. टेलिफोन खात्यातून निवृत्त, एकट्या. आवाज मात्र अजून खणखणीत. पहिल्याच शनिवारी त्या परत आल्या.

"मास्तर, हा घोड्याच्या नालासारखा दिवा कसला हो?"

"टायरमधली हवा कमी झालीय, बाई."

पुढच्या शनिवारी सीट गरम करायचं बटण, त्याच्या पुढच्या शनिवारी सीटबेल्टची टिंगटिंग. पाचव्या शनिवारी पुन्हा घोड्याचा नाल.

"मास्तर, तुमची विद्यार्थिनी आली. याही वर्षी नापास!" विक्रीवाले हसायचे.

मास्तर हसत नसे. बाई बटणांकडे न बघताच आरसे नीट करतात, हे त्याने कधीच हेरलं होतं. तरी तो शेजारच्या सीटवर बसून पहिल्यापासून सांगायला लागे, आणि घाई अजिबात करत नसे.

एका शनिवारी बाई आल्या नाहीत. मास्तर दहा वेळा फाटकापर्यंत जाऊन आला. दुपारी दवाखान्यातून फोन आला. येताना वाटेतच बाईंच्या छातीत कळ आली होती. त्यांनी गाडी कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले आणि माणसं जमेपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. मोबाइलवर शेवटचा लावलेला नंबर शोरूमचा होता.

"तुम्ही यांचे कोण?" मास्तर दवाखान्यात पोचताच नर्सने विचारलं.

"मी... त्यांना गाडी शिकवतो."

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पार उतरला होता.

"खरं सांगू? मला सगळं दुसऱ्या दिवशीच आलं होतं. पुस्तक वाचलं होतं मी."

"ठाऊक होतं मला."

"मग दर वेळी अर्धा-अर्धा तास कशाला सांगत बसायचात?"

"मला तरी दुसरं कोण विचारतं, बाई?"

बाई हसल्या.

चौथ्या दिवशी भाचा आला आणि बाईंना आपल्या गावी घेऊन गेला. गाडी विकायला शोरूममध्येच आली. ती पुसून मागच्या रांगेत लावायचं काम मास्तरकडेच आलं. बाईंची सीट पार पुढे ओढलेली होती. गुडघे स्टिअरिंगला लागत होते, तरी त्याने ती मागे सरकवली नाही.

पंधरा दिवसांनी त्याने धीर करून फोन लावला. भाच्याने उचलला.

"मावशी झोपलीय. गाडीचं काही काम होतं का?"

"नाही, गाडीचं काही नाही."

"मग?"

"सहज केला होता," मास्तर म्हणाला.

"बरं, सांगतो तिला," म्हणत भाच्याने फोन ठेवला. सांगितलं की नाही, हे मास्तरला कधीच कळलं नाही.