येंगिमातली जागा

दुबईच्या करामा भागातल्या परकारांकडे शनिवारची सकाळ म्हणजे घावने, आणि घावन्यांबरोबर येंगिमाच्या गोष्टी. बदरुद्दीन परकार मूळ श्रीवर्धनचा. लहानपण समुद्राकाठी गेलं आणि आता दुबईत एसी दुरुस्तीचं दुकान. पण लग्नाआधी एका कंपनीने त्याला पापुआच्या डोंगरात धाडलं होतं, मोबाईल टॉवरचा जनरेटर सांभाळायला. त्या गावाचं नाव येंगिमा. माणूस तिथून कधीच परत आला, मन काही आलं नाही. बायको ताजबी म्हणायची, "ह्यांना सवत नाही, सवतीचा अख्खा गाव आहे."

काय होतं हो त्या गावात? खरं सांगायचं तर काहीच नव्हतं. सकाळी रताळं, दुपारी रताळं, रात्री बदल म्हणून भाजलेलं रताळं. गवताने शाकारलेली गोल घरं, मधोमध विस्तव. धुराला बाहेर जायला वाट नाही, म्हणून घरात बसूनच वावरायचं. बाया कपाळावरून पाठीवर जाळीची पिशवी सोडत. तिच्यात खाली रताळी, वर तान्हं मूल. शाळा होती, मास्तर नव्हता. दवाखान्याला कुलूप, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे ते कोणाला ठाऊक नाही. ढगांनी परवानगी दिली तर माळावर छोटं विमान उतरे. अशा ठिकाणची आठवण काढून हा माणूस करामात उसासे टाकायचा. आता बोला.

पण त्याला तिथे कोमे भेटला होता. शेजारचा शेतकरी, रुंद छातीचा, हसला की डोळे मिटणारा. मलेरियात बदरुद्दीन बडबडत होता तेव्हा कोमेने त्याला स्वतःच्या विस्तवाशेजारी निजवलं आणि रताळी कुस्करून भरवली. भाऊ म्हणाला तो. नुसतं तोंडाने नाही.

एक गोष्ट मात्र बदरुद्दीनने घरात कधी काढली नव्हती. कोमेने त्याच्या नावाने एक डुकरीण पाळली होती.

तेव्हा तो कळवळून म्हणाला होता, "अरे, आमच्यात चालत नाही." कोमे चकित झाला. "तुला खा कोण म्हणतंय? आपलं जनावर आपण खायचं नसतंच. ते द्यायचं असतं. लग्नात, मयतीत. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याला अंगणात घरच्या माणसांच्या रांगेत उभं करत नाहीत." यावर बदरुद्दीनला उत्तर सुचलं नाही, आणि न सुचलेल्या उत्तराला कोमेने होकार धरला. पुढे डुकरिणीची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. श्रीवर्धनचा नमाजी माणूस डोंगरात कळपाचा धनी होऊन बसला.

त्या शनिवारी सफाने फोन आणून दिला. "अब्बा, समबडीज व्हिडिओ कॉलिंग यू," म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

पडद्यावर अंगभर पांढरी माती फासलेली एक बाई होती. आवाजावरून त्याने ओळखलं: कोमेची मुलगी, रूथ. तो येंगिमा सोडून निघाला तेव्हा ती त्याच्या खांद्यावर बसायची.

"बद्रू, बाबा गेले," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. "पोटात दुखत होतं. विमानाची वाट पाहिली, ढग हटले नाहीत. मग बांबूंना बांधून सडकेकडे नेलं. सडक दिसायला लागली तेव्हा गेले."

बदरुद्दीन होता तिथेच खाली बसला. रूथ म्हणाली, "आज द्यायचा दिवस. बाबांच्या आजोळची माणसं घ्यायला बसलीयत. तुझी जनावरं खुंट्याला बांधलीयत, पण शब्द तुझ्या तोंडून हवा. माझी आहेत, मी देतो, म्हण. नसेल जमत तर राग नाही. आम्ही दुसरी देऊ आणि रांगेतून तुझं नाव काढू."

तिने फोन खुंट्याच्या डुकरांकडे फिरवला. शेजारी घावने काढणाऱ्या ताजबीला भाषा कळली नाही, पण डोळे होते.

"हे काय दाखवतायत तुम्हाला?"

"माझी आहेत ती," बदरुद्दीन म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं.

ताजबीने उलथनं खाली ठेवलं. "खाल्लं कधी?"

"तोबा. नाही."

"विकलं?"

"नाही गं."

"मग सांगा की, माझी नव्हेत. खलास."

"तसं म्हटलं तर मी कोमेचा कोणी नव्हतो, असं होतं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझी म्हणावं तर आयुष्यभराचा नेम मोडतो. नाही म्हणावं तर ज्याने घास भरवला त्याच्या मयतीला आपण परके.

"इमामसाहेबांना फोन लावू या?" ताजबी म्हणाली.

"ते नाही म्हणतील. त्यांचं खरंच आहे."

ताजबीने तव्याखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, "भावाच्या मयतीला कोणी गप्प बसतं का? अल्ला नियत बघतो. बोला तुम्ही." आणि ती बाहेरच्या खोलीत गेली, त्याला एकट्याला सोडून.

बदरुद्दीन बोलला. हळूच, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"मोठ्याने," रूथ म्हणाली. "बाबांच्या मामांना ऐकू आलं नाही. आणि उभा राहा."

तो उभा राहिला. छातीतून आवाज काढून त्याने कोमेच्या नावाने हाक मारली, दोनदा. मग म्हणाला, "माझी आहेत. माझ्या भावासाठी देतो." आवाज मध्येच फुटला. पलीकडून म्हाताऱ्यांनी एकदम हुंकार दिला, आणि बायांचा आक्रोश सुरू झाला.

रूथने फोन अंगणाकडे धरला. मातीने माखलेले पुरुष खांद्याला खांदा लावून उभे होते. मधोमध एका माणसापुरती फट होती.

"ही तुझी," ती म्हणाली. "इथे आता दुसरं कोणी उभं राहणार नाही. तू येशील तेव्हा ये."

"इन्शाल्ला," तो म्हणाला. गुडघे गेलेले, श्वास जिन्यात लागणारा, सफाचं कॉलेज व्हायचं. कुठला जातोय तो आता त्या डोंगरात.

हाक ऐकून ताजबी परत आली होती. "झालं ना? बसा आता."

"रांग मोडल्याशिवाय बसायचं नसतं."

ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली आणि फोनमध्ये पाहू लागली. "तुमची जागा कुठली?"

त्याने काचेवर, त्या फटीवर बोट ठेवलं. आणि मग त्याला रडू आवरेना.