बंबाचे वळण

बंबाचे इंजिन बंद झाले आणि नव्या वसाहतीच्या टोकाशी उभा असलेला, तिचे रस्ते आखणारा पुढे धावला. आगीचा लाल बंब वळता वळता गोल बागेच्या कठड्यात नाक खुपसून अडकला होता. तो सुखरूप वळला असता, तर घरांना आजच राहण्याची परवानगी मिळणार होती. शेवटचे घर रस्ते आखणाऱ्याच्या थोरल्या बहिणीचे होते आणि भाड्याची जागा सोडायचे कबूल करून ती सामान बांधून बसली होती; आज तपासणी पाहायला तीही आली होती.

“नकाशावर बंबाच्या मापाचा पुठ्ठा फिरवून पाहिला होतात ना?” अग्निशमन अधिकाऱ्याने विचारले.

पुठ्ठा त्याने फिरवला होता, पण मोटारीच्या मापाचा. बंबासाठी जागा सोडली की त्याची लाडकी वक्ररेषा सुजल्यासारखी दिसे, आणि सरळ रस्ता म्हणजे कल्पनेचे दारिद्र्य, असे तो भर बैठकीत बोलून बसला होता. अंगण त्याने स्वतःच वाकडे करून ठेवले होते. आता नाचायची पाळी बिचाऱ्या बंबावर आली होती.

“कठडा फोडा. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासू,” अधिकारी म्हणाला.

“ताई, महिन्याचाच तर प्रश्न आहे,” तो पुटपुटला.

“घरमालकाला काय सांगू? आमच्या धाकट्याची रेघ फार नाजूक आहे म्हणून?”

तो खजील झाला. पण जित्याची खोड.

“ते खरं गं. पण वळण देखणं झालंय की नाही?”

ताईने वळणाकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले, आणि बंब व कठडा यांच्यामधल्या फटीतून अंग चोरत ती निघून गेली.