मास्तरांना बाहेर काढताना

मार्शल हा शब्द मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ घोडे सांभाळणारा नोकर, असं सभागृहाच्या ग्रंथपालाने सांगितलं तेव्हा मार्शलला जराही वाईट वाटलं नाही. एका शब्दाने तरी किती घरं फिरावीत! रस्त्यावर थुंकणाऱ्याला दंड करतो तो मार्शल, कुठे सेनापती मार्शल, आणि मध्यंतरी पाहुणा आलेल्या गोऱ्या प्राध्यापकाचं तर आडनावच मार्शल. हा मात्र विधानसभेत दंगा करणाऱ्या सदस्यांना उचलून बाहेर नेऊन ठेवणारा. सासूसुद्धा नावाने हाक मारत नसे. "मार्शलसाहेब, कपाट तेवढं सरकवता का?"

ते कपाट सरकवतानाच महिन्यापूर्वी त्याची कंबर धरली. निवृत्तीला आठ महिने होते. नव्या मुख्य मार्शलने बजावलं होतं, "ज्याला उचलवत नाही, त्याने उद्यापासून घरी बसायचं." घरी म्हणजे कुठे? नोकरी गेली की सरकारी खोलीही जाणार.

त्यातच एका दुपारी मास्तरांना बाहेर काढायचा अध्यक्षांचा हुकूम सुटला. हे जुने सदस्य, वय अठ्ठ्याहत्तर. वीस वर्षांत मार्शलने त्यांना अकरा वेळा उचललं होतं. त्यांची रीत ठरलेली. जमिनीवर पसरायचं आणि अंग सैल सोडायचं. सैल माणूस दुप्पट जड होतो, हे उचलणाऱ्यालाच कळतं.

मुख्य मार्शल दारात हाताची घडी घालून बघत होता. मार्शलने मागून मास्तरांच्या काखेत हात घातले आणि न राहवून पुटपुटला, "मास्तर, कंबर गेलीय हो माझी."

"मग काय, मी चालत जाऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

खोटं नव्हतं ते. मार्शलने दात आवळून ओढलं. मास्तर बोंबलायला लागले, "दडपशाही! दडपशाही!" आणि लाथा झाडू लागले. निदान बघणाऱ्यांना तसंच वाटलं. खरं तर म्हातारा टाचांनी जमीन रेटत होता, दारापर्यंत, सगळा जोर लावून. मार्शलच्या हातांवर जेमतेम निम्मं वजन आलं.

"जमतंय की अजून," मुख्य मार्शल म्हणाला आणि आत गेला.

बाहेर मास्तर बाकावर टेकले. त्यांनी दोनदा उठून पाहिलं. उठवेना.

"जरा धर रे मला."

मार्शलला मनापासून त्यांना उचलायचं होतं. वाकायला गेला, तर कंबरेतून कळ निघाली. मग तो त्यांच्या शेजारीच बसला.