दिवसाला एक फेक

ओविदिओला आमच्या सान पेद्रोत सगळे 'तोफ' म्हणत. बेसबॉलच्या मैदानात तो पार उजव्या टोकाला उभा राहायचा, आणि तिथून त्याने फेकलेला चेंडू टप्पा न पडता थेट होमप्लेटवर यायचा, जिथे पोचल्याशिवाय कुणाची धाव होत नाही. पहिल्या तीन वर्षांत त्याने इतके गडी बाद केले की पुढे चेंडू त्याच्याकडे गेला की धावायला कुणी धजेचना. मग पेपरवाले आकडे बघून लिहू लागले, याचा हात ढिला पडलाय. अकलेचे कांदे.

खरा ढिला पडला तो त्याच्या अठराव्या हंगामात. खांदा कामातून गेला. दिवसाला एकच फेक जमायची, आणि हे फक्त मला ठाऊक होतं, कारण दुसऱ्या बेसवर त्याच्या पुढ्यात मी खेळायचो.

"मग ती सामन्यासाठी राख ना, लेका," मी म्हणालो.

"सामन्यात टाकली तर एक जण बाद होईल. सरावात टाकतो, सगळे बघतात."

अख्खा हंगाम त्याने तेच केलं. समोरचा संघ बाकावर बसून सराव बघत असताना एक सणसणीत फेक, बस्स. मग आत येऊन तो निमूट बसायचा आणि मी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायचो.

शेवटचा सामना अजिंक्यपदाचा, रविवारी दुपारी. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे, तीन बाद झाले की डाव संपतो आणि त्यांचा एक गडी बाद झालेला, एक धावपटू तिसऱ्या बेसवर, म्हणजे होमप्लेटच्या अलीकडच्या थांब्यावर. चेंडू उंच उडाला तो नेमका ओविदिओकडे. झेल झाला की धावपटू सुटणार आणि बरोबरी होणार. आजची फेक तर सरावातच संपली होती.

ओविदिओने झेल घेतला आणि दात आवळून हात मागे नेला. तिसऱ्या बेसजवळ त्यांचा म्हातारा प्रशिक्षक सेलिओ उभा होता, त्याने घाईघाईने दोन्ही हात वर केले. धावपटू जागीच थांबला. ओविदिओ पळत आला आणि चेंडू माझ्या हातात ठेवला. पुढचा गडी लगेच बाद झाला, आम्ही जिंकलो.

नंतर सेलिओ भेटायला आला. "तोफे, त्याला धावायला सांगितलं असतं तर?"

"सुखरूप पोचला असता."

म्हातारा पोट धरून हसला. हसतहसत त्याने हात पुढे केला. ओविदिओने डावा दिला.

सेलिओचं हसू थांबलं. त्याने त्या उजव्या खांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोक्यावरची टोपी काढली. ती बटणं मी लावत होतो याचा मला आजही अभिमान आहे.