पलीकडच्या फुटपाथपर्यंत

तिने डाव्या हाताच्या बोटाने पडद्यावरचं पेल्याचं चित्र दाबलं. "मला पाणी हवं आहे," यंत्र मधाळ आवाजात म्हणालं. तिने ते दुकानाच्या काउंटरवर पालथं घातलं.

"अगं, बघ तरी नीट!" मुलाने ते पुन्हा सुलटं केलं. "पाणी, औषध, दुखतंय, होय, नाही. सगळी चित्रं तयार. नुसतं दाबायचं. घरात बसल्याबसल्या आणखी काय लागतं माणसाला?"

"आजींना हेच सोपं पडेल," विक्रेता मुलाला म्हणाला. मग तिच्याकडे वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला, "सोप्पंय, आजी!"

अर्धांगाच्या झटक्याने तिचा उजवा हात आणि वाचा नेली होती. कान शाबूत होते, अक्कलही. पण माणसाचं बोलणं थांबलं की त्याचं डोकंही थांबलं, असं लोक खुशाल धरून चालतात. हे लोक स्वतः जन्मभर काय अकलेचं बोलतात, ते बोलायची सोय नाही.

ती फळबाजारात स्टुलावर उभी राहून लिलाव पुकारायची. बाजार तिला 'भोंगा' म्हणायचा, तेही तोंडावर. तिचा एक नियम होता: शेवटच्या रांगेतल्या माणसाने ऐकू आल्याची खूण म्हणून हात वर करायचा. हात नाही, तर सौदा नाही. आता तिच्या स्टुलावर मुलगा उभा राहत होता, तात्पुरता. त्याचा आवाज तिसऱ्या ढिगाशीच मरायचा, पण स्टुलाची उंची त्याला मानवली होती. सोमवारी ते स्टूल कायमचं कुणाचं हे बाजार समिती ठरवणार होती, आणि त्याने स्वतःचं नाव देऊन ठेवलं होतं. आईला न विचारता.

"हे दुसऱ्या कंपनीचं हलकं आहे, दिसायलाही झकास," तो सांगत होता. "तिसरं म्हणजे नुसती वीट. कारखान्यात वापरतात. ती काय करायचीय तुला?"

तिने तिन्ही यंत्रं मागे उभ्या असलेल्या सुनेच्या हातात कोंबली आणि दाराकडे निघाली.

"अहो, बाहेर नाही नेता येत!"

"मग अडवा त्यांना," सून म्हणाली. "मी तो नाद कधीच सोडला."

बाहेर रस्ता फोडायचं काम चाललं होतं. फोडयंत्राची धडधड, बसचे हॉर्न. तिने यंत्रं दारासमोरच्या एका हातगाडीवर मांडून घेतली आणि सुनेला बोटानेच पलीकडचा फुटपाथ दाखवला. सून रस्ता ओलांडून तिथे जाऊन उभी राहिली.

पहिल्या यंत्राने पाणी मागितलं. सुनेचे हात खालीच. दुसऱ्यावर तिने एकेक अक्षर टिपून वाक्य लिहिलं. ते नाजूक आवाजात काहीतरी पुटपुटलं. हात खालीच. तिसऱ्यावर, त्या विटेवर, तिने तेच लिहिलं.

"बोला, शेवटची रांग!"

घोगरा, पुरुषी, दणदणीत आवाज धडधडीवरून पलीकडे गेला. सुनेचा हात ताडकन वर. बसची वाट बघणाऱ्या एका परक्या माणसानेही, का कोण जाणे, हात वर केला.

"तो आवाज पुरुषाचा आहे हो," विक्रेता म्हणाला. "बदलता येत नाही."

तिने टिपलं. वीट गरजली, "माझा कुठे कोकिळेचा होता?"

सून पलीकडून खदखदून हसली.

"आई, बाजारात लोक हसतील," मुलगा हळूच म्हणाला.

या वेळी तिला लिहायला बराच वेळ लागला. तो थांबून राहिला.

"हसू देत. हसायला आधी ऐकू यावं लागतं. तुझं ऐकू येत नाही."

त्याचं तोंड उतरलं. ती अजून लिहीतच होती.

"वजनाच्या काट्यावर मात्र तुझ्यासारखा चोख माणूस बाजारात नाही."

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"एक वार," वीट म्हणाली.

रस्ता फोडणाऱ्याने आपलं यंत्र बंद केलं आणि तोही बघू लागला.

"दोन वार."

तिचं बोट पडद्यावर अधांतरी थांबलं. मुलाचा हात आधी खांद्यापर्यंत आला, तिथे जरा घुटमळला, मग सरळ वर गेला.

"तीन वार."

आत विक्रेत्याने वीट खोक्यात घालायला घेतली. "पेशंटसाठीच ना? आवाज कमी करून देतो."

"हात लावू नका," मुलगा म्हणाला. "आहे तेवढा असू द्या. सोमवारी लागणार आहे."