न फेसाळणारा साबण

देमीच्या विद्यापीठात उद्योजकता हा विषय सक्तीचा होता. म्हणजे धाडस करणं सक्तीचं, आणि धाडसाच्या तासाला पंच्याहत्तर टक्के हजेरी. विषय शिकवायचे डॉ. फालोदून. उभ्या आयुष्यात पगाराखेरीज त्यांनी दुसरं काही कमावलं नव्हतं, त्यामुळे धंद्यातल्या जोखमीबद्दल ते फार मोकळेपणानं बोलत.

खात्याकडे एक मोठं पिंप होतं, म्हणून सगळ्या वर्गानं पातळ साबण बनवायचा. बनवून विकायचा. "आणि नातेवाइकांना विकाल तर नापास!" फालोदून गरजले. "नातेवाईक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे!" आठवडाभरात विद्यापीठात साबण विकणारेच सगळे झाले, हात मळलेला एकही उरला नाही.

देमीनं आपला माल गावी नेला. त्याच्या साबणाला फेस येत नसे. बाटलीत हिरवं खाली आणि पिवळं वर, एका घरात चूल वेगळी मांडलेल्या सासू-सुनेसारखं. तरी रविवारी चर्चच्या दारात तो बसला आणि नवल घडलं.

"दोन दे रे बाबा," शेजारची रोपोची आई म्हणाली. "काय फेस येतो बाई!"

पुढच्या रविवारी ती तिच्या जावेला घेऊन आली. जाऊ म्हणाली, "काय फेस येतो बाई!" बघता बघता सगळा माल खपला. देमीनं पुन्हा बनवला, तोही खपला. फालोदूननी त्याला वर्गापुढे उभं केलं. "बघा रे, ह्याला म्हणतात बाजार ओळखलेला माणूस!"

त्या दिवसापासून देमीची मान जरा वरच राहिली. नोकरीचा अर्ज करायचा नाही, साबणाचा कारखाना काढायचा, असं त्यानं ठरवून टाकलं.

आईला सांगायला गेला तेव्हा ती गिरणीवर होती. गावाच्या कालवणाची मिरची आणि टोमॅटो तीच दळायची. हात कोपरापर्यंत लाल.

"काढ की कारखाना," ती गिरणीच्या पट्ट्याच्या खडखडाटातून ओरडली.

"तू कधी माझा साबण घेतला नाहीस पण."

"तुझ्या सरांनीच सांगितलंय ना, नातेवाइकांना नाही म्हणून? नापास झाला असतास मेल्या."

पावसाळा संपता संपता ती गेली. गिरणी चालू असतानाच खाली बसली, ती उठलीच नाही. कुणाचे तरी टोमॅटो अर्धे दळलेले तसेच राहिले.

दफनाच्या आदल्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळ्या घराचे एकाच कापडाचे कपडे शिवून आले. पाहुण्यांना वाटायची प्लॅस्टिकची भांडीही आली. भांड्यांवर आईचा फोटो हवा होता. छापून आला होता कुणी मिशीवाला सरदार, खाली 'शांत झोपा, बाबा'.

मोरेनिके मावशीनं कपाळ बडवलं. "उद्या पाहुण्यांच्या हातात काय देऊ? ह्या मिशा? लोक म्हणतील, गिरणीवालीच्या मागे कुणी नव्हतंच." मग जुनी भांडी तरी सापडतील म्हणून तिनं गिरणीमागची खोली उघडली. कोपऱ्यावरची ताडपत्री ओढली.

खाली बाटल्या होत्या. छताला टेकतील इतक्या. हिरवं खाली, पिवळं वर. प्रत्येकीवर देमीच्या हातचं लेबल.

रोपोची आई दारातच थांबली. तिला आत येववेना.

"आम्ही काय करणार बाबा? ती पैसे द्यायची, आम्ही घेऊन यायचो. 'काय फेस येतो' म्हणायचंच, अशी ताकीद होती."

देमीला गिरणीशेजारच्या फळीवर एकच उघडलेली बाटली दिसली, अर्धी संपलेली. "ही?"

"त्यानंच हात धुवायची. मी म्हटलं, अगं फेस कुठे येतोय? तर म्हणाली, येईल. लहान आहे अजून."

मावशी कामाची बाई. तिनं संध्याकाळपर्यंत आईच्या फोटोचे कागद छापून आणले आणि बाटल्यांच्या लेबलांवर चिकटवले. दुसऱ्या दिवशी ढोल वाजले, भात वाढला गेला, आणि प्रत्येक पाहुणा आईचा हसरा चेहरा काखोटीला मारून घरी गेला.

फालोदूनही आले होते. बाटली उलटीसुलटी करून त्यांनी कागदाच्या कडेखालचं लेबल वाचलं आणि देमीची पाठ थोपटली. "सगळा माल एका दिवसात! नव्या वर्गाला येऊन सांग, गिऱ्हाईक शोधायचं कसं."

"एकच होतं, सर," देमी म्हणाला. "आत्ताच पुरलं."

सकाळी कुणीतरी गिरणीचं दार वाजवलं. परवापासून घरात मिरची नव्हती, म्हणे. देमीनं दळून दिली. मग हातांची आग आग होऊ लागली, तसं त्यानं फळीवरची अर्धी बाटली घेतली आणि तळहातावर साबण ओतला.

फेस येत नव्हता. तो चोळत राहिला.